शिंग ते शिंग

घड्याळाच्या दुकानात गेलं की समोरचा माणूस पहिला आकडा सांगतो तो व्यासाचा. "मॅडम, हे अडतीसचं, हे बेचाळीसचं." जसं काही आपण पोळपाट घ्यायला आलोय. माझं म्हणणं असं, की ज्यांची मनगटं बारीक आहेत त्यांनी हा आकडा ऐकून घ्यावा, मान डोलवावी आणि सोडून द्यावा. विचारायचा आकडा वेगळाच आहे. तो विचारला की बहुतेक ठिकाणी "बघून सांगतो" असं उत्तर येतं आणि मग कोणीच सांगत नाही.

आता हे सगळं आत्ताच का? तर दादाच्या लेकीने, म्हणजे माझ्या भाचीने, पावसाळा संपला की तारकर्लीला स्कूबाचा कोर्स करायचं ठरवलंय. आणि दादाला तिला त्यासाठी घड्याळ द्यायचंय. झालं! घरच्या गटावर पंधरा दिवस दुसरा विषय नाही. दादा म्हणतो, घ्यायचं तर चांगलं मोठं, दणकट घ्या. वहिनी म्हणते, जरा नाजूक बघा, लग्नाकार्यात साडीवरही घालता आलं पाहिजे. काकांचा मुद्दा, की फोनवर वेळ दिसते, घड्याळ हवंच कशाला. (काका, फोन घेऊन समुद्रात उतरणार का तुम्ही?) आणि जिच्यासाठी हे चाललंय तिने मला एकटीला बाजूला घेऊन एवढंच विचारलं, "आत्या, माझ्या हाताला बसेल असं खरंखुरं डायव्हिंगचं घड्याळ असतं का गं?"

असतं. म्हणून हे लिहितेय. बाकीच्यांनी वाचलं तरी चालेल, दादाने मात्र शेवटपर्यंत वाचावं.

'खरंखुरं' हा शब्द तिने का वापरला ते मला माहीत आहे, कारण त्या दिवशी मी तिच्याबरोबर होते. दुकान मोठं, एसी, काचेची दारं. तिने डायव्हिंगचं घड्याळ म्हटल्यावर विक्रेत्याने आधी तिच्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ते जेन्ट्समध्ये येतं मॅडम. लेडीजमध्ये हे बघा." आणि एक ट्रे पुढे आला. खडे लावलेली, शिंपल्याच्या चकाकीच्या तबकडीची, अठ्ठावीस मिलिमीटरची घड्याळं. मागे बारीक अक्षरात पाणी प्रतिबंधक, ३० मीटर. भाचीने विचारलं, याने तीस मीटरपर्यंत जाता येईल का? "हो हो, लिहिलंय ना!" म्हणे.

नाही हो. ३० मीटर लिहिलेलं घड्याळ पावसात भिजलं किंवा हात धुताना ओलं झालं तर बिघडू नये, एवढाच त्याचा अर्थ. पोहायलासुद्धा ते घालू नये. हा आकडा म्हणजे प्रयोगशाळेत शांतपणे दिलेल्या दाबाचा आकडा. समुद्रात हात हलतात, उड्या मारल्या जातात, रबर जुनं झालेलं असतं. त्या विक्रेत्याचं ऐकून कोणी उतरलं तर घड्याळ बंद पडेल आणि गोष्ट तिथेच थांबेल असंही नाही. पाण्याखाली वेळ कळणं ही चैन नाही. टाकीतली हवा मोजकी असते, आणि जितकं खोल जाल तितकी ती लवकर संपते. दर दहा मीटरला दाब एका वातावरणाने वाढतो. वीस मीटरवर प्रत्येक श्वासाला वरच्यापेक्षा तिप्पट हवा लागते. शिवाय रक्तात नायट्रोजन विरघळत राहतो, आणि तो किती विरघळला हे खोली आणि वेळ या दोन गोष्टींवर ठरतं. अमेरिकन नौदलाच्या जुन्या तक्त्यात ६० फुटांवर ६० मिनिटं ही मर्यादा होती. त्याहून जास्त थांबलात तर सरळ वर येता येत नाही, मध्ये थांबे घ्यावे लागतात. एकसष्टावं मिनिट कधी सुरू झालं हे कळायला हवं की नको?

इथे दादाला एक गोष्ट स्पष्ट सांगते, कारण घड्याळवेडे लोक ती सांगत नाहीत. आजच्या पाणबुड्याचं मुख्य साधन घड्याळ नाही. मनगटावर बांधायचा डाइव्ह कॉम्प्युटर हे आहे. तो खोली मोजतो, वेळ मोजतो, किती मिनिटं उरली ते सतत सांगतो आणि फार भराभर वर येऊ लागलात तर ओरडतो. घड्याळाला यातली एकच गोष्ट येते. तेव्हा पैसे एकाच वस्तूपुरते असतील तर कॉम्प्युटर घ्यावा आणि घड्याळाचा विषय बंद करावा. दोन्हींसाठी असतील तर घड्याळ दुसरा साक्षीदार म्हणून उत्तम. कॉम्प्युटरची बॅटरी गेली तरी आपण किती वेळ खाली आहोत हे कळतं, आणि सोमवारी तेच घालून ऑफिसलाही जाता येतं. असो.

तर मुद्दा मापाचा.

मोठं म्हणजे दणकट आणि छोटं म्हणजे बायकी ही समजूत कुठून आली याचा शोध घेताना मजा वाटली, कारण ती काही फार जुनी नाही. आमच्या बाबांच्या हातात एचएमटी जनता होतं. पस्तीस मिलिमीटरच्या आसपास. बाबा सहा फूट उंच, मनगट माझ्या दुप्पट, पण घड्याळ छोटं आहे असं त्यांना कोणी म्हटल्याचं आठवत नाही. तेव्हा पुरुषांचं घड्याळ तेवढंच असायचं.

आणि पाण्यातल्या घड्याळांची गोष्ट तर त्याहून गमतीची. १९२६ साली रोलेक्सने 'ऑयस्टर' हे पाणी आत जाऊ न देणारं घड्याळ काढलं. ते खरंच टिकतं हे जगाला दाखवलं कोणी? मर्सिडीझ ग्लाइट्झ नावाच्या इंग्रज बाईने. तिने ऑक्टोबर १९२७ मध्ये इंग्लिश खाडी पोहून पार केली होती. नंतर दुसऱ्या एका बाईने आपण त्याहून कमी वेळात पोहल्याचा खोटा दावा केला, आणि ग्लाइट्झवरही लोक शंका घ्यायला लागले. म्हणून ती त्याच महिन्यात पुन्हा पाण्यात उतरली, गळ्यात ते छोटंसं ऑयस्टर अडकवून. थंडी इतकी होती की दहा तासांहून जास्त पोहून शेवटी तिला वर काढावं लागलं. घड्याळ मात्र चालू होतं. रोलेक्सने नोव्हेंबरमध्ये 'डेली मेल'च्या पहिल्या पानावर अख्ख्या पानाची जाहिरात दिली. म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या घड्याळाची पहिली गाजलेली परीक्षा एका बाईच्या अंगावर झाली, आणि ते घड्याळ आजच्या मापाने 'लेडीज'च्या ट्रेमध्ये गेलं असतं. हे त्या विक्रेत्याला सांगायची फार इच्छा होती, पण मागे रांग होती.

पुढे १९५३-५४ च्या सुमारास आज आपण ज्याला डायव्हिंगचं घड्याळ म्हणतो तो प्रकार तयार झाला. काळी तबकडी, ठळक चमकणाऱ्या खुणा, फिरणारी कडा. ब्लांपांचं 'फिफ्टी फॅदम्स' फ्रेंच नौदलाच्या लढाऊ पाणबुड्यांच्या मागणीवरून, रॉबर्ट मालुबिए आणि क्लोद रिफो या दोन अधिकाऱ्यांच्या सांगण्याप्रमाणे घडलं. ते तेव्हाही मोठं होतं, बेचाळीसच्या आसपास. पण रोलेक्सचं पहिलं सबमरिनर ३७-३८ मिमी. ट्यूडरचं १९५४ चं पहिलं, साधारण तेवढंच. जपानचं पहिलं डायव्हिंग घड्याळ, सेकोचं १९६५ सालचं '६२-मास', ३७ मिमी, १५० मीटरचं. ते जपानी मोहिमेबरोबर अंटार्क्टिकाला जाऊन आलं. या सगळ्यांनी आपापली कामं केली.

मग मोठी आली कुठून? प्रामाणिकपणे सांगायचं तर मोठीही जुनीच. इटालियन नौदलाच्या पाणबुड्यांसाठी पानेराय १९३० च्या दशकापासून ४७ मिलिमीटरची धूडं बनवत होती. आत यंत्र बसवलेलं होतं खिशातल्या घड्याळाचं, आणि ती बांधली जायची जाड रबरी पोशाखावरून. त्यांच्या मोठेपणाला कारण होतं. पण १९९६ मध्ये सिल्व्हेस्टर स्टॅलोन 'डेलाइट' सिनेमात पानेराय घालून दिसला, पुढल्या वर्षी ती कंपनी मोठ्या समूहाने घेतली, आणि बघता बघता कारण बाजूला पडून नुसतं धूड उरलं. २००० नंतरची दहा-पंधरा वर्षं तर ४४-४५ च्या खाली पुरुषाने बघूच नये असं वातावरण होतं. दादाची 'दणकट'ची कल्पना त्याच काळातली आहे हो.

आता वारं फिरलंय. ट्यूडरचं पहिलं 'ब्लॅक बे' २०१२ मध्ये ४१ मिमीचं होतं. २०१८ मध्ये त्यांनी ३९ चं 'फिफ्टी-एट' काढलं आणि २०२३ मध्ये ३७ चं 'फिफ्टी-फोर'. नावातलं चोपन्न म्हणजे १९५४. लाँजीनच्या 'लेजंड डायव्हर'चंही तेच. ४२ चं होतं, २०२३ मध्ये ३९ चं आलं. कंपन्यांना सद्बुद्धी सुचली असं नाही, जुन्या घड्याळांची हौस वाढली म्हणून. आपल्याला काय, फायदा झाला!

आता तो विचारायचा आकडा.

घड्याळाला पट्टा जिथे अडकतो तिथे वर दोन आणि खाली दोन शिंगं असतात. इंग्रजीत लग्ज. वरच्या शिंगाच्या टोकापासून खालच्या शिंगाच्या टोकापर्यंतचं अंतर, हे खरं माप. कारण घड्याळ हातावर बसतं ते या दिशेने. गोल भाग कितीही असो, शिंगांची टोकं मनगटाच्या कडेबाहेर गेली की पट्टा हवेत लटकतो, घड्याळ पुलासारखं उभं राहतं आणि डुगडुगतं.

उदाहरण देते. लाँजीनचं ते ४२ मिमीचं लेजंड डायव्हर शिंग ते शिंग जवळजवळ ५२ भरतं. सेकोचं एसकेएक्स००७, व्यास साडेबेचाळीस, म्हणजे कागदावर थोडं मोठंच. पण शिंग ते शिंग फक्त ४६. शिंगं आखूड आणि खाली वळलेली. व्यास बघून निवडणारी बाई दोन्हींना एकाच फळीवर ठेवेल. हातावर दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक! ट्यूडरच्या ४१ मध्ये हे अंतर पन्नासच्या घरात आहे, फिफ्टी-फोरमध्ये ४६.

आपल्या हाताचं माप कसं घ्यायचं? नुसता घेर मोजून अर्धंच काम होतं. घेरही मोजाच, पट्ट्यासाठी लागतो. पण मग हात टेबलावर पालथा ठेवा आणि मनगटाच्या हाडाच्या मागे, जिथे घड्याळ बांधता तिथे, वरच्या बाजूची सपाट रुंदी पट्टीने मोजा. गोलाई सुरू होते तिथे थांबा. भाचीचा घेर साडेचौदा सेंटिमीटर आहे, सपाट रुंदी ४७ मिमी. माझी त्याहून एक मिमी कमी. (खानदानी आहे. आजीच्या बांगड्या आम्हा दोघींनाच होतात.) शिंग ते शिंग या रुंदीपेक्षा जास्त नको. दोन-तीन मिमी कमी असेल तर सोन्याहून पिवळं. म्हणजे तिच्यासाठी ४४-४५ पर्यंत निवांत, ४६ ही हद्द.

हा हिशोब दिसण्यापुरता नाही. २०११ मध्ये मी अंदमानात, तेव्हाच्या हॅवलॉकला (२०१८ पासून स्वराज द्वीप), कोर्स केला तेव्हा प्रशिक्षकाने त्याचं चव्वेचाळीसचं घड्याळ मला दिलं होतं. किनाऱ्यावर घट्ट बांधलेलं. खाली गेल्यावर दाबाने वेटसूटचा रबर चेपतो आणि पट्टा आपोआप ढिला होतो, जड घड्याळ घसरून मनगटाच्या आतल्या बाजूला. प्रत्येक वेळी वेळ बघायला दुसऱ्या हाताने ते फिरवून वर आणायचं, आणि दुसऱ्या हातात दिवा. शेवटी मी बघायचंच सोडलं आणि प्रशिक्षकाच्या इशाऱ्यांवर राहिले. तो चांगला होता म्हणून चाललं. पण जे घड्याळ हातावर थांबत नाही ते घड्याळ नसल्यासारखंच, त्यावर हजार मीटर लिहिलेलं असलं तरी.

दुसरं माप जाडी. बारीक हातावर जाड घड्याळ उलट्या वाटीसारखं दिसतं, बाहीत अडकतं आणि दाराच्या चौकटीवर आपटतं. बाराच्या आत असेल तर छान, तेरापर्यंत चालवून घ्यावं. त्यापुढे मी तरी जाणार नाही. आणि चावी कुठे आहे तेही बघा. तीनच्या जागी मोठी चावी असेल तर हात मागे वळवला की तळहाताच्या पाठीवर रुतते. सेकोवाले ती चारच्या जागी सरकवतात. बारीक हाताला हे फार सुखाचं पडतं.

छोट्या तबकडीवर खाली अंधारात दिसणार कसं, ही शंका वहिनीने काढली होती. शंका रास्त आहे. पण मास्कच्या आतल्या हवेमुळे पाण्यात वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठी दिसते. म्हणजे ३७ चं घड्याळ खाली जवळजवळ पन्नासचं भासतं! खरा प्रश्न मापाचा नसून काट्यांचा आहे. मिनिटाचा काटा रुंद आणि तासाच्या काट्यापासून पहिल्या नजरेत वेगळा ओळखू येणारा हवा, खुणांवर चमकणारा लेप भरपूर हवा. मालवणकडचं पाणी काही मालदीवसारखं नितळ नसतं, गढूळ दिवशी हात लांब केला की बोटं दिसत नाहीत. नक्षीदार बारीक काट्यांचं घड्याळ तिथे काही कामाचं नाही.

आता 'खरंखुरं' कसं ओळखायचं. यासाठी आयएसओ ६४२५ नावाचं मानक आहे. किमान १०० मीटर, त्यावर पंचवीस टक्के जादा दाबाची परीक्षा, तीही नमुन्यादाखल एक-दोन नगांची नाही, प्रत्येक नगाची. अंधारात २५ सेंटिमीटरवरून वाचता आलं पाहिजे, घड्याळ चालू आहे हे कळलं पाहिजे, धक्का आणि चुंबक सोसलं पाहिजे, आणि गेलेला वेळ मोजायची सोय हवी. या परीक्षेला बसलेल्या घड्याळाच्या तबकडीवर नुसतं '२०० मीटर' नसतं, 'डायव्हर्स २०० मीटर' असतं. तेवढा एक शब्द बघायचा. नामांकित कंपन्यांची कितीतरी घड्याळं दिसायला हुबेहूब तशी असतात, फिरणारी कडा असते, सगळं असतं, तो शब्द नसतो. वाईट नसतात ती, पोहायला मस्त. पण दिसणं वेगळं आणि असणं वेगळं.

फिरणाऱ्या कडेबद्दल थोडं लिहिल्याशिवाय मला राहवणार नाही, कारण इतकी साधी आणि इतकी शहाणी वस्तू मी दुसरी पाहिलेली नाही. उतरताना कडेवरचा त्रिकोण मिनिट काट्यासमोर आणायचा. मग काटा कडेवरच्या ज्या आकड्यावर असेल तेवढी मिनिटं गेली. वजाबाकी नाही, आठवण नाही. आणि ही कडा एकाच दिशेला फिरते, घड्याळाच्या उलट. का? तर खडकाला घासून ती चुकून सरकलीच, तर गेलेला वेळ जास्तच दाखवेल, कमी कधीच नाही. म्हणजे माणूस लवकर वर येईल, उशिरा नाही. चूक झाली तर ती जिवाच्या बाजूने व्हावी, असा विचार आधीच करून ठेवलेला. बारीक बोटांच्या लोकांनी दुकानात ही कडा हात ओले करून फिरवून बघावी. छोट्या घड्याळांत कधी कधी कडा इतकी पातळ असते की पकड मिळत नाही, आणि हातमोजा घातल्यावर तर विचारूच नका.

हीलियमची झडप, हजार मीटर वगैरे दिसलं तर भुलायचं नाही. ती झडप दिवसचे दिवस दाबाच्या खोलीत राहून तेलविहिरींवर वगैरे काम करणाऱ्यांसाठी. आपल्या भाचीचा पहिला परवाना १८ मीटरचा आणि हौशी डायव्हिंगची एकूण हद्दच ४० मीटर. दोनशे खूप झालं. जास्त आकड्यासाठी जास्त जाड अंग लागतं, म्हणजे आपल्या हाताच्या विरोधातच.

तर कोणतं?

मन विचाराल तर ट्यूडर फिफ्टी-फोर. ३७ चं, जाडी सव्वाअकरा, दोनशे मीटर. हातावर घातलं होतं एकदा, काढवेना. पण किंमत लाखांत. कोर्स करणाऱ्या मुलीच्या हातात ते दिलं तर ती समुद्र बघायचा सोडून घड्याळावर चरा पडला का बघत बसेल. नको.

सेकोचं एसकेएक्स०१३ हे माझ्या मते बारीक हातासाठी निघालेलं सगळ्यात गुणी घड्याळ. ३८ मिमी, शिंग ते शिंग ४४, चारला चावी, 'डायव्हर्स २००' लिहिलेलं. २०१९ च्या सुमारास बनवणं बंद केलं आणि तेव्हापासून जुन्या बाजारात भाव चढलेत. वापरलेलं मिळेल, पण आतलं रबर कोणत्या अवस्थेत आहे कोण जाणे. कोणी आधी उघडून नीट न बसवता बंद केलं असेल तर तो 'डायव्हर्स' शब्द नुसती शाई. जुनं घेतलंच तर रबर बदलून, दाबाची चाचणी करून मगच पाण्यात. २०२३ मध्ये सेकोने त्याच चेहऱ्याचं ३८ चं नवं काढलं खरं, पण ते १०० मीटरचं आणि 'डायव्हर्स' नसलेलं. रोज घालायला घ्या, कोर्ससाठी नको.

उरतं सिटिझनचं प्रोमास्टर, साधारण ३७ मिमीचं, दोनशे मीटरचं, मानकाप्रमाणे तपासलेलं. प्रकाशावर चालतं. हा गुण मला सगळ्यात मोठा वाटतो. साध्या बॅटरीच्या घड्याळाचं मागचं झाकण दर दोन-तीन वर्षांनी कोपऱ्यावरच्या दुकानात उघडलं जातं, रबर चिमटतं, आणि पुढच्या पोहण्यात काचेआत वाफ. हे उघडायचीच वेळ फार क्वचित येते. गंमत म्हणजे कंपनी ते बहुतेक ठिकाणी बायकांच्या कप्प्यात ठेवते. तरीही त्यावर खडे नाहीत, काटे जाड आहेत, कडा कडक आहे. बारीक मनगटाच्या पुरुषांनी ते तिथून बिनदिक्कत उचलावं. आमच्या मामेभावाला हे मी केव्हाची सांगतेय, पण तो 'लेडीज' वाचून लाजतो आणि मग ४४ चं घड्याळ कोपरापर्यंत सरकवत फिरतो.

माझं मत या सिटिझनला. दादा, तुझ्या अंदाजापेक्षा बरेच पैसे वाचतील, ते डाइव्ह कॉम्प्युटरकडे वळव. आणि वहिनी, साडीवर हे चांगलंच दिसेल. मी माझं काळं डायव्हिंगचं घड्याळ गेल्या दिवाळीत पैठणीवर घातलं होतं. कोणी काही बोललं नाही, एका काकूंनी कुठून घेतलं विचारलं.

पट्ट्याचं तेवढं राहिलं. बरोबर येणारा रबरी पट्टा वेटसूटवरून बांधायचा म्हणून लांब असतो; उघड्या हाताला शेवटच्या भोकात घालूनही ढिला होईल आणि शेपूट बाहेर लोंबेल. कापू नका, कोर्ससाठी तोच लागणार आहे. रोजच्यासाठी आखूड पट्टा वेगळा घ्यायचा. नायलॉनचा एकसंध पट्टा स्वस्त आणि पाण्यात छान, पण तो घड्याळाखालून जातो म्हणून उंची वाढवतो. बारीक हाताला दोन तुकड्यांचा बरा. स्टीलची चेन घ्यायचा मोह झाला तर तिची पहिली कडी शिंगांच्या बाहेर ताठ येते का बघा. येत असेल तर सगळं शिंग ते शिंगचं गणित चार-पाच मिमीने फुकट.

उतरायच्या आधी चावी पूर्ण फिरवून घट्ट आहे ना बघायची, वर आल्यावर गोड्या पाण्याने धुवायचं, कडा दोन-चारदा फिरवून मीठ काढायचं. गीझरच्या गरम पाण्याखाली नाही. दादा, पट्ट्यासाठी घेर साडेचौदा लक्षात ठेव, आणि घड्याळ मागवायच्या आधी दुकानदाराला शिंग ते शिंग विचार. "बघून सांगतो" म्हणाला तर स्वतः पट्टी घेऊन जा.